दाढ जागेवर असल्याचा पंचनामा

लिंबाची फोड ताटात आली की मी अजूनही क्षणभर थांबतो. घरच्यांना वाटते, मला आंबट सोसत नाही. तसे काही नाही. लिंबू दिसले की मला लोणावळ्याच्या पोलीस ठाण्यातले माझे टेबल आठवते, त्यावरचा टीपकागद आठवतो आणि टीपकागदावर पडलेला तांदळाच्या कणीएवढा पिवळट खडा आठवतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटात उलटलेल्या ट्रकांखालून माणसे काढली. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. हे प्रकरण मात्र तसेच्या तसे राहिले. त्यातली रक्कम सांगितली तर वाचक हसतील. मलाही त्या वेळी राग आणि हसू यांतले नेमके काय येत होते ते सांगता येणार नाही.

साठ साल उलटून काही वर्षे झाली होती. मी नवा फौजदार होतो. कोणाचेही नाव इथे लिहिणार नाही. तळेगावच्या अलीकडे एक कारखाना होता, त्याच्या भट्ट्या होत्या, एवढेच लिहितो. तिथे काय बनत होते ते लिहिले तर मावळातला कोणीही माणूस बोट ठेवून कारखाना दाखवील.

स्वतःबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण चूक माझी होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील घोंगड्या विणत. गावात कोणाला सरकारी कागद आला की लोक तो माझ्याकडे घेऊन येत आणि मी वाचून दाखवत असे ते खरे मानून घरी जात. त्यामुळे छापील कागदाबद्दल माझ्या मनात एक आदर होता, जवळजवळ देवळात जाताना असतो तसा. छापलेला कागदही माणसाला अडचणीत आणतो, हे मला तोवर कोणी शिकवले नव्हते.

एका सकाळी त्या कारखान्याचे हेडक्लार्क ठाण्यात आले. काखेत फाईल, खिशाला दोन पेने. त्यांनी मोठ्या साहेबांपुढे एक निनावी पत्र ठेवले. त्यात लिहिले होते, 'तुमच्या ज्या कामगारांचे दात काढल्याची बिले तुम्ही मंजूर करता, ते त्याच दातांनी बाजारात उभे राहून चिक्की फोडून खातात. डोळे असतील तर बघा.'

कारखाना कामगारांना दातांच्या उपचाराचा खर्च परत देत असे. लोणावळ्याच्या बाजारात एक दातांचे डॉक्टर होते, त्यांची पाच बिले फाईलमध्ये होती. चार कामगार, पाच बिले. प्रत्येकावर दात काढल्याची नोंद, दाताचा क्रमांक, डॉक्टरांची सही, कामगाराची सही. एका कामगाराची तर दोन बिले होती आणि दोन्हींवर दाढ एकच होती. खालची, डावीकडची.

"एकच दाढ दोनदा काढली, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "चार महिन्यांच्या अंतराने."

आमचे हवालदार जुने होते, निवृत्तीला आलेले. ते दारातूनच म्हणाले, "परत उगवली असंल. मेथीची भाजी खुडल्यावर फुटती तशी."

मोठ्या साहेबांना हसू आले नाही. एका जत्रेचा बंदोबस्त, एक घरफोडी आणि मंत्र्यांचा दौरा असे सगळे त्या आठवड्यात होते. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "तू बी.ए. आहेस ना? मोज दात."

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी चौघांना ठाण्यात बोलावले. पंच म्हणून एक निवृत्त मास्तर आणि समोरचे बेकरीवाले चाचा आले. असा पंचनामा कसा करतात ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. मी चौघांना व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून बसवले. हवालदार तोंडात बॅटरी मारीत, चाचा वाकून बघत आणि मोठ्याने मोजत, मास्तर खात्री करत आणि मी लिहीत असे.

"जरा आ मोठा कर बाबा," चाचा म्हणत. "पावाच्या भट्टीत बघतो मी रोज, एवढा अंधार तिथेपण नसतो."

चौघांच्याही ज्या दाढा कागदावर काढल्या होत्या, त्या तोंडात होत्या. माझी त्या दिवशीची वाक्ये मला पाठ आहेत. 'सदर इसमाच्या तोंडात खालच्या बाजूस डावीकडील दाढ जागेवर असून, पंचांसमक्ष हलवून पाहिली असता हलत नाही. दाढ निरोगी दिसते.' खाली पंचांच्या सह्या, माझी सही. पंचनामा उत्तम झाला होता. मला त्याचा अभिमानही वाटला. ते लिहिताना आज लाज वाटते, पण वाटला होता हे खरे आहे.

चौघांपैकी तिघे जुने कामगार होते. त्यांच्या मागे युनियन होती. त्यांना कोणी हात लावणार नव्हते आणि त्यांना ते ठाऊक होते. चौथा, दोन बिलांचा, वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा होता. तिशीच्या आतला, सडपातळ, भट्टीपुढच्या उष्णतेने भुवया विरळ झालेला. नुकतेच त्याला कायम करायचे ठरले होते, सहा महिने परीक्षेवर ठेवून. त्यांतले पाच झाले होते. हेडक्लार्कांनी त्याला कामावरून तात्पुरते बाजूला केले होते आणि लेखी कळवले होते की, महिनाअखेर प्रकरण मिटले नाही तर नाव कमी होईल. त्याच्या वाडीतून कायम नोकरीला लागणारा तो पहिलाच. हे त्याने मला सांगितले नाही. हवालदारांनी सांगितले.

तिघांनी जबाबात फार काही सांगितले नाही, 'युनियनला विचारा' म्हणाले. म्हणून मी चौथ्याला धरून बसलो. त्याचा जबाब घेताना मी किती वैतागलो ते आजही आठवते.

"दाढ काढली होती का?"

"न्हाई, साहेब."

"मग या कागदावर सही कोणाची?"

"माजीच."

"कागदावर काय लिहिलंय?"

"त्ये विंग्रजीत हाय. डाक्टर म्हनलं हितं सही कर, मी केली."

"पैसे घेतलेस?"

"व्हय. डाक्टरला दिलतं तेवडंच मिळालं."

"दाढ काढली नाही तर डॉक्टरला पैसे कशाचे दिलेस?"

"खड्याचं."

"कसला खडा?"

"जिभंखालचा."

मी पेन खाली ठेवले. हवालदार म्हणाले, "साहेब, मूतखडा ऐकलाय मी. ह्याचा वरच्या अंगाला निघाला."

"कापून काढला?" मी विचारले.

"न्हाई."

"टाके?"

"न्हाई."

"मग निघाला कसा?"

"लिंबू दिलं चोखाया. मंग खालनं बोटानं दाबत आनला फुडं. आला भाईर."

मला वाटले, हा माझी थट्टा करतो आहे. मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. पुन्हा लिंबू आले. तिसऱ्यांदा दरडावून विचारले. तिसऱ्यांदाही लिंबूच आले. खोटे बोलणारा माणूस तिसऱ्या वेळेला गोष्टीत काहीतरी वाढवतो किंवा गाळतो, एवढे मला तेव्हाही माहीत होते. पण लिंबू जबाबात कसे लिहायचे या चिंतेत मी त्याकडे लक्षच दिले नाही.

दुपारी डॉक्टरांकडे गेलो. कापडाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता, अरुंद लाकडी जिना. पन्नाशीचे गृहस्थ, मुंबईला शिकलेले, चिडखोर. एका बाईच्या तोंडात त्यांचे दोन्ही हात होते. ते काढले नाहीत.

"तुम्ही दाढ काढली नाहीत, तरी काढली म्हणून बिल दिलंत?" मी विचारले.

"दिलं."

"म्हणजे खोटं लिहिलंत."

"खरं कुठे लिहायचं ते त्या हेडक्लार्कला विचारा. मी दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही." त्यांनी बाईला चूळ भरायला सांगितले. "बाहेर पंधरा पेशंट बसलेत. अटक करायची असेल तर सहानंतर या."

त्यांनी तेवढ्यात दोन वाक्ये नीट सांगितली असती, किंवा मी दोन प्रश्न नीट विचारले असते, तर हे प्रकरण त्या जिन्यावरच संपले असते. त्यांना आपल्या हुशारीचा ताठा होता आणि मला आपल्या वर्दीचा संकोच. मी जिना उतरून आलो.

दोन दिवसांनी त्या कामगाराला पुरवणी जबाबासाठी पुन्हा बोलावले. सकाळी दहापासून तो बाकावर बसून होता. त्याची बायको भाकरी घेऊन आली होती, ती व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. मी दौऱ्याच्या कागदांत अडकलो होतो. एक वाजता म्हणालो, "आधी जेवून घे, मग बसू." त्याने भाकरीचे फडके सोडले. बरोबर लिंबाचे लोणचे होते.

पाच-दहा मिनिटांनी हवालदार धावत आले. "साहेब, जरा बघा हो ह्याच्याकडं."

त्याच्या डाव्या जबड्याखाली अंड्याएवढी सूज आली होती. चेहरा एका बाजूने ओळखू येत नव्हता. डोळ्यांत पाणी, हाताने जबडा दाबून धरलेला, बोलता येत नव्हते.

पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलेला माणूस, आणि तोंड सुजलेले. याचा अर्थ लोक कसा लावतात ते सांगायला नको. व्हरांड्यातून ते दिसत होते. बाजारातला एक पुढारी नेमका कोणत्या तरी दाखल्यासाठी आला होता. त्याने ठाण्याच्या पायरीवर उभे राहून आवाज चढवला. "गरिबाला ठाण्यात बोलावून मारता? हे कायद्याचं राज्य आहे की नाही?" दहा माणसे जमली, मग तीस. बेकरीवाले चाचा रस्ता ओलांडून आले, त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. "साहेब, परवा तर मीच मोजले. सगळं जागच्या जागी होतं. हे काय केलंत?"

"चाचा, कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काय लोणच्यानं मारलं?"

मोठे साहेब आतून बाहेर आले. त्यांनी त्याला पाहिले, गर्दी पाहिली आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "तुझी नोकरी किती महिन्यांची आहे?"

या सगळ्या गोंधळात त्याची बायको काहीतरी सांगत होती. "अवो, त्येला मारल्यालं न्हाई. आंबट खाल्लं की येतं त्ये. खडा आलाय." ती पुढाऱ्याला सांगत होती, हवालदारांना सांगत होती, मला सांगत होती. पुढारी तिलाच म्हणाला, "तू घाबरू नकोस ताई, मी आहे." शेवटी तिने माझ्या टेबलावर एक छोटी पितळी डबी ठेवली, हळदीची. झाकण उघडले. कापसावर दोन पिवळट खडे होते. एक गव्हाच्या दाण्याएवढा, एक त्याहून लहान.

"ह्यो आखाडातला. ह्यो दिवाळीच्या आदला," ती म्हणाली. "आता तिसरा आलाय. डाक्टरला बोलवा. दुसऱ्या कुनाला कळायचं न्हाई."

दोन खडे. दोन बिले. मी फाईल उघडून तारखा पाहिल्या. एक आषाढातली होती, एक दिवाळीच्या आठवडाभर आधीची.

"बाई, ही डबी तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"सकाळधरनं पदरात हाय. परवाबी आनलीवती. हितंच बसलेवते. कुनी इचारलंच न्हाई."

चार कामगार, दोन पंच, एक डॉक्टर, एक हेडक्लार्क, इतक्यांना मी विचारले होते. व्हरांड्यात दोन दिवस मुद्देमाल घेऊन बसलेल्या बाईला मी पाण्याचेही विचारले नव्हते.

हवालदार डॉक्टरांना घेऊन आले. गर्दी बघून डॉक्टर म्हणाले, "सहा वाजायचे आहेत अजून." मग त्यांनी त्याचा जबडा चाचपला, जिभेखाली बॅटरी मारली आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "तोंडाशी आलाय रे. घाबरू नको. लिंबू आणा. आणि स्वच्छ फडकं."

चाचांच्या बेकरीतून लिंबू आले. मोठ्या साहेबांनी त्या पुढाऱ्यालाच पंच म्हणून पुढे उभे केले, "बघा नीट, कोण मारतंय ते." माझ्या खुर्चीवर त्या कामगाराला बसवले. तो लिंबाची फोड चोखू लागला आणि सूज आणखी वाढली, त्याने खुर्चीचे हात गच्च धरले. डॉक्टर एक बोट तोंडात आणि एक बाहेरून जबड्याखाली ठेवून मागून पुढे, मागून पुढे हळूहळू दाबत होते. मधेच बोथट टोकाची एक बारीक सळई घेऊन त्यांनी जिभेखालचे भोक जरासे रुंद केले. कुठे कापले नाही. अर्धा तास झाला असेल. मग त्याने "आं" केले, भरपूर लाळ आली आणि तिच्याबरोबर खडा आला. डॉक्टरांनी तो फडक्यावर घेतला आणि माझ्या टीपकागदावर टाकला.

"चौघांचेही खडेच होते, आणि चौघेही भट्टीवरचे," ते हात पुसत म्हणाले. "दिवसभर आगीपुढे उभे राहायचं, घाम गाळायचा आणि पाणी प्यायला जागा सोडायची नाही. लाळ घट्ट होते, खडे धरतात. आता बिल करतो. बघा तुम्ही."

त्यांनी पिशवीतून कारखान्याचा छापील फॉर्म काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी तो दहा वेळा पाहिला होता. वाचला मात्र तेव्हा पहिल्यांदा. उपचाराचे चारच रकाने होते. दात काढणे. दात भरणे. कवळी. शस्त्रक्रिया. शेवटच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती की, रुग्णालयात दाखल झाल्याचा कागद आणि पुण्याच्या सिव्हिल सर्जनचा दाखला जोडावा.

"कुठे लिहू सांगा," डॉक्टर म्हणाले. "शस्त्रक्रिया नाही, मी कापलेलं नाही. दाखला आणायला हा पुण्याला गेला तर दोन दिवसांचा पगार जातो आणि सिव्हिल सर्जन म्हणणार, शस्त्रक्रिया झालेलीच नाही, दाखला कसला? काहीतरी काढलंय ते एवढ्या एकाच रकान्यात बसतं. पैसे मी दाढेचेच घेतो. काम तिप्पट आहे."

"दाढेचा क्रमांक?"

"खड्याला जवळ असेल त्या दाढेचा. क्रमांक नसला तर फॉर्म परत येतो."

पुढारी कधी निघून गेला ते कळले नाही. चाचा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एका लिंबाचे पैसे कुठल्या रकान्यात घालू?" त्या दुपारी एवढेच एक हसणे झाले.

इथे प्रकरण संपायला हवे होते. मोठे साहेब मला म्हणाले, "कारखान्याला चार ओळींचं पत्र दे, चौकशीत फसवणूक आढळली नाही म्हणून. कोर्टाचा अहवाल सावकाश पाठव."

तो माणूस जबड्यावर हात ठेवून उभा होता. "साहेब, कदी मिळंल कागुद? येत्या सोमवारी महिना भरतोय."

"बुधवारपर्यंत देतो," मी म्हणालो.

आणि लिहायला बसलो. लिहिता येईना. बिलात दाढ काढली असे लिहिले होते, ती काढली नव्हती, म्हणजे बिल खोटे होते. पण कोणाला जादा पैसा मिळाला नव्हता. तक्रार खोटी म्हणावी तर हेडक्लार्कांनी ती प्रामाणिकपणे केली होती. आमच्याकडे गुन्ह्याच्या समारोपाचे तीन प्रकार असतात. गुन्हा खरा पण शोध लागत नाही, तो 'ए'. तक्रार खोटी आणि खोडसाळ, ती 'बी'. दोन्ही नाही, गैरसमजातून झालेली, ती 'सी'. मी 'सी' ठरवले. मग वाटले, कारखान्याला पत्र देण्यापूर्वी डॉक्टरांचा खुलासा जोडावा. तो घेतला. मग वाटले, हा आजार खरोखर असतो याला पुण्याच्या रुग्णालयाचा दुजोरा असावा. त्यासाठी पत्र टाकले. माझ्या नावावरचा तो पहिलाच स्वतंत्र तपास होता. त्यात कोणी बोट ठेवू नये असे मला वाटत होते. बुधवारी तो आला. मी म्हणालो, "शुक्रवारी." शुक्रवारी आला तेव्हा माझा तिसरा मसुदा चालू होता.

"साहेब, हेडकलार्क म्हनत्यात, आमच्या फाईलीत दाढ काढल्याली हाय. तोंडात हाय तवर फाईल मिटत न्हाई. आमच्या कंपनीचा डाक्टर सोमवारी तोंड बगनार."

"अरे, मी लिहितोय ना. ते सगळं या पत्रात येईल. सोमवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो. सांग त्यांना."

"बरं," म्हणाला आणि तो गेला. मोठे साहेब माझ्या टेबलाजवळून जाता जाता म्हणाले, "कादंबरी लिहितोयस काय?"

सोमवारी पहिल्या गाडीने मी कारखान्यात गेलो. पत्र तीन पानी होते. त्यात लाळेच्या ग्रंथीची आकृतीसुद्धा काढली होती. हेडक्लार्कांनी चष्मा लावून पहिले पान अर्धे वाचले आणि खाली ठेवले.

"आता याची तशी गरज नाही. फाईल मिटली."

"म्हणजे?"

"आमच्या डॉक्टरांनी आत्ताच तपासला. दाढ नाही. बिल बरोबर आहे. दुसरं बिल त्याच दाढेचं होतं, तेवढं पगारातून कापून घेतलं. तो कामावर हजर झालाय."

मी म्हणालो, "दाढ होती. मी पंचनामा केलाय."

"तो तुमचा कागद झाला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, हेच मला सहन झाले नाही. त्यांना खरोखर हायसे वाटले होते. "आमचे कागद आता जुळतात."

त्याला गेटवर बोलावले. डावा गाल पुन्हा सुजलेला होता, पण ही सूज निराळी होती. तोंडात लवंगेचा बोळा. कामशेतच्या आठवडे बाजारात रस्त्याकडेला फडके पसरून दात काढणारा एक जण बसायचा, त्याच्याकडून त्याने ती दाढ काढून घेतली होती. आधी तो आमच्या डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टरांनी त्याला जिन्यावरून हाकलले होते, निरोगी दाढ काढणार नाही म्हणून.

"अरे, मी म्हणालो होतो ना सोमवारी येतो!"

"व्हय साहेब." त्याने बोळा गालात सरकवला. "तुमी तीनदा म्हनलावता."

त्यात टोमणा नव्हता. तो फक्त मोजून सांगत होता. मग मलाच बरे वाटावे म्हणून म्हणाला, "येक दाढ गेली, तिचं काय एवडं? हिकडनं चावीन." आत भोंगा झाला आणि तो गेला.

कोर्टाने माझा 'सी' अहवाल मान्य केला. डॉक्टरांवर काही आले नाही. त्यांनी मात्र त्यानंतर त्या कारखान्याचा फॉर्म भरणे बंद केले, आणि माझ्याशी बोलणेही. निनावी पत्र कोणी लिहिले ते मी शोधले नाही. फॉर्मचे रकाने माझी बदली होईपर्यंत चारच होते.

पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीच्या जरा आधी, कामशेत स्टेशनावर ती दोघे भेटली. मी साध्या कपड्यांत होतो, तरी त्यानेच ओळखले. तो कारखान्यात कायम झाला, मुकादम झाला, थोरली मुलगी शिक्षिका झाली, असे त्याने सांगितले. हसताना डावीकडे गाल जरा आत जात होता. मी विचारू की नको असे करत होतो. बायकोला ते कळले असावे. ती म्हणाली, "खडं पुन्यांदा न्हाई झालं. पानी पितोय आता. डबी हाय अजून. तीन खडं आन ती दाढ."

"दाढ कशाला ठेवलीत?" मी विचारले.

"मंग? तुमी लिवलंवतं ना, चांगली हाय म्हनून."

त्या प्रकरणानंतरच्या सगळ्या नोकरीत मला कोणी विचारले, "साहेब, कागद कधी मिळेल?" तर मी त्याला समोर बसवून त्याच दिवशी लिहून देत असे. चार ओळी, कधी वेड्यावाकड्या, कधी अपुऱ्या. वरिष्ठांनी दोनदा त्याबद्दल मेमो दिले. मी चांगला तपासी अधिकारी झालो की नाही ते मला सांगता येत नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात बसलेल्या बायकांना मात्र मी आधी विचारत असे, पदरात काय आहे म्हणून.

तो पंचनामा वडगावच्या कोर्टाच्या दप्तरात कुठेतरी असेल, नाहीतर वाळवीने खाल्ला असेल. खाली माझी सही आहे. दाढ जागेवर असून हलवून पाहिली असता हलत नाही.